हरकत नसल्यास मंजूर

बंगळूर,
१८ नोव्हेंबर २००३

प्रिय दीप्तीताई,
सप्रेम जयभीम.

आपल्या प्रस्तावाला काल क्रमांक मिळाला. समितीच्या सचिवांनी संध्याकाळी ई-मेल पाठवून तसं कळवलं, म्हणजे बातमी पक्की. फेब्रुवारीत हेलसिंकीला बैठक आहे. तिथं मला दहा मिनिटं मिळतील.

तू विचारलंस, फोनची सोय फोन बनवणाऱ्यानं करावी, त्याला बैठका कशाला? जगातले मोबाईल एकमेकांशी बोलतात ते नियमांच्या एका पुस्तकामुळे. ते कुठल्या सरकारनं लिहिलेलं नाही. फोन बनवणाऱ्या, टॉवर बनवणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांची माणसं वर्षातून पाच-सहा वेळा कुठल्यातरी हॉटेलात जमतात आणि ओळ न् ओळ भांडून लिहितात. दीड-दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते. आवृत्तीत नसलेली सोय बाजारात येत नाही. आणि आवृत्तीत यायचं तर प्रस्तावाखाली किमान चार कंपन्यांची नावं लागतात. माझ्याकडे दोन आहेत. एक आमची, एक कोरियातली.

सोय साधी आहे. आणीबाणीच्या नंबरावर आज फक्त बोलता येतं. तिथं लिहिलेला निरोपही जावा, गर्दीत न अडकता सगळ्यांच्या आधी जावा, आणि तो कुठल्या टॉवरजवळून आला हेही सोबत जावं. बास.

पहिल्या पानावर ‘गरज काय’ हे लिहावं लागतं. आकडे मी देईन, पण आकडे ऐकून तिथं कुणी मान वर करत नाही. आई गेली ती दुपार तू लिहून देशील का? नाव घालणार नाही. मी तेव्हा पुण्यात होतो आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. ती दुपार मला तुझ्याकडूनच कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी. एकदा सलग लिही.

समितीचे सगळे कागद इंटरनेटवर उघडे असतात, कुणीही वाचावेत. तुमच्या प्रेसमध्ये इंटरनेट आलं की बघ.

अण्णांना जयभीम.
तुझा,
प्रसेनजीत

*

राजारामपुरी, अकरावी गल्ली,
कोल्हापूर
३० नोव्हेंबर २००३

चि. प्रसेन,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे अण्णांनी आधी फोडलं. वाचून झाल्यावर माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, “पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबावर चढलो. तार तुटली की जोडायची. त्याला चार जणांच्या सह्या कधी घेतल्या न्हाईत.” मग थोडं थांबून, “सायबाची एक लागायची म्हणा,” आणि स्वतःच हसले.

बायडाबाई समोरच्या दारातून विचारत होत्या, “भावाचं पत्तर व्हय? लगीन काढलंय का न्हाय त्यानं, का गोऱ्या बायकांत बसून म्हातारा व्हनार हाय?” त्या फार ओरडून बोलतात असं सगळे म्हणतात. मला त्यांचं तोंड वाचायला सोपं जातं, एवढंच.

तू मागितलंस ते खाली आहे. हवं तसं इंग्रजीत कर.

१६ मार्च १९९९, मंगळवार. अण्णा गारगोटीला गेले होते. मला ताप होता म्हणून मी प्रेसला गेले नव्हते. सव्वादोन वाजता आई पीठ मळता मळता थांबली, भिंतीला टेकली आणि आडवी झाली. ओठ निळे पडत होते. मला चौथ्या वर्षापासून ऐकू येत नाही आणि माझा आवाज घरच्यांशिवाय कुणाला समजत नाही. तरी मी फोन उचलला आणि आणीबाणीचा नंबर फिरवला. पलीकडे कुणी आलंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मनात वीसपर्यंत मोजलं आणि बोलत सुटले. आई पडली, राजारामपुरी, अकरावी गल्ली. तीनदा बोलले. कुणी ऐकलं का, ऐकून काय समजलं, ते मला आजही माहीत नाही. मग आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पावणेतीनच्या पुढे माणसं आली. डॉक्टर आले तेव्हा आई गेलेली होती. त्या वेळी इमारतीत कुणी नव्हतं.

एवढंच आहे. शुद्धलेखन तपासलंय.

दीप्ती

*

बंगळूर,
२४ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

कालच परत आलो. प्रस्ताव अभ्यासासाठी घेतला. म्हणजे सोय मंजूर झाली नाही, पण वर्षभर तिच्यावर काम करायला परवानगी मिळाली. तिसरं नावही मिळालं.

तिथली रीत सांगतो. मतदान जवळजवळ नसतंच. चर्चा संपली की अध्यक्ष विचारतात, “कुणाची हरकत?” आणि दोन श्वास थांबतात. कुणी बोललं नाही तर हातोडी आपटतात, झालं मंजूर. एका माणसानं जरी हात वर केला तरी गाडी अडते. त्यामुळे दोनशे माणसांच्या त्या दालनात बोलण्यापेक्षा न बोलण्याला भाव जास्त. कॉफीच्या सुट्टीत माणसं एकमेकांचं न बोलणं मागून घेतात. तुमच्या वेळी आम्ही गप्प बसतो, आमच्या वेळी तुम्ही बसा.

तुझं पान मी वाचून दाखवलं. वाचून होतंय तोवर स्वीडनच्या बर्गबाईंनी माईक घेतला. साठीच्या आहेत, वीस वर्षं या बैठकांना येतात आणि कुणाला सोडत नाहीत. म्हणाल्या, “एक कळलं नाही. ज्या बाईला लिहिता येतं, तिनं शेजाऱ्याला कागद का दाखवला नाही? त्याला मोबाईल कशाला लागतो?”

मी म्हटलं, “बाई, इमारतीत कुणी नव्हतं.”

त्यांनी माईक खाली ठेवला. अध्यक्षांनी विचारलं, दोन श्वास थांबले, आणि हातोडी पडली. ताई, हे तुझ्या त्या एका ओळीनं झालं.

आमच्या कंपनीचा दुसरा एक प्रस्तावही माझ्याकडेच आहे. आपण फोन लावला की पलीकडची घंटी ऐकू येते ना, तिथं गाणं ऐकू यावं असा. तुला हसू येईल. त्याला पहिल्याच दिवशी नऊ नावं मिळाली.

तुझा,
प्रसेन

*

कोल्हापूर
९ मार्च २००४

चि. प्रसेन,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि कागद घडी करून ठेवते. आज पुरं करते.

इमारतीत माणूस होतं. बायडाबाई घरी होत्या.

फोनवर बोलून झाल्यावर मी कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आई पडली आहे. श्वास नीट नाही. ताबडतोब गाडी बोलवा.’ समोरचं दार वाजवलं, बायडाबाईंच्या हातात कागद दिला आणि पळत परत आईजवळ आले. हात ओढून त्यांना घेऊन यायचं सुचलंच नाही. मी कंपोझिटर, प्रसेन. वयाच्या अठराव्या वर्षापासून अक्षरं जुळवते. लिहिलं की काम झालं, असा माझा भरवसा. आता गाडी येईल म्हणून मी आईचे हात चोळत बसले.

बायडाबाईंना वाचता येत नाही. त्या सकाळी पेपर उघडून बसतात, ते लोकांनी बघावं म्हणून. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखा लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायला आणलाय. त्यांनी तो कॅलेंडरमागं खोचला. मुलगा आला की वाचून घेऊ म्हणाल्या. अर्ध्या तासानं सहज डोकावल्या तेव्हा त्यांनी बघितलं.

त्यांनी माझे पाय धरले. “पोरी, तुझं त्वांड रोजच घाईचं असतंय की गं. मला काय ठावं? कुणाला सांगू नगंस. माझ्या सुनंला तर अजाबात नगंस.” त्या दिवसापासून त्या मला रोज एक वाटी ताक देतात. मी नको म्हणत नाही. नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल ते मला माहीत आहे.

अण्णांनाही हे ठाऊक नाही. तुझ्या पानावर छापलंय ते चुकीचं आहे आणि ती चूक माझी आहे. दुरुस्त कर. नाव मात्र घालू नकोस.

दीप्ती

*

बंगळूर,
११ ऑक्टोबर २००४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

सात महिने मी पत्र लिहिलं नाही. अण्णांना दर रविवारी फोन केला आणि ‘ताईला सांगा, काम आहे’ म्हणत राहिलो. काम होतंच, पण ते कारण नव्हतं. मला राग आला होता. बायडाबाईंचा नाही, तुझाही नाही. पाच वर्षं मी आईला एका रिकाम्या इमारतीत मरताना बघत होतो, आणि समोरच्या घरात माणूस बसलेलं होतं. हे पचायला वेळ लागला.

दुसरंही एक खरं सांगतो. दुरुस्ती केली तर प्रस्ताव पडेल अशी भीती होती. ते म्हणतील, शेजारीण होती, तिला वाचता येत नव्हतं, यात फोनचा काय संबंध?

गेल्या महिन्यातल्या बैठकीत शेवटी उठून सांगितलं. मागच्या वेळी मी दिलेली माहिती चुकीची होती, कागद दाखवला होता, वाचणाऱ्याला वाचता येत नव्हतं, आणि लिहिणारीला ते कळलं नाही. बर्गबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं.

त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचा प्रस्ताव अर्धाच आहे. निरोप पोचला, एवढं पुरत नाही. तो माणसानं वाचला, हे लिहिणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर ती वाट बघत बसेल.”

दुपारी त्यांनी स्वतःच ओळ लिहून दिली. आणीबाणीच्या कक्षातल्या माणसानं निरोप वाचल्याची पोच उलट त्याच फोनवर आली पाहिजे. आणि खाली त्यांच्या कंपनीचं नाव घातलं. चौथं नाव, ताई.

पण या ओळीमुळे सेवा देणाऱ्या कंपन्या बिथरल्यात. मशीननं पोच द्यायला त्यांची ना नाही. माणूस वाचणार म्हणजे माणूस बसवा, आणि तो कोण बसवणार? मे महिन्यात लिस्बनला निकाल लागेल. त्यानंतर ही आवृत्ती बंद होते.

ताक घेत जा.

तुझा,
प्रसेन

*

कोल्हापूर
२३ जानेवारी २००५

चि. प्रसेन,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा जेवले.

उत्तराला उशीर झाला, कारण घरात थोडी धावपळ होती. प्रेसमध्ये लग्नपत्रिकांचा मोसम. अण्णा बरे आहेत. जिना चढताना दम लागतो म्हणतात, वयच आहे.

मी मोबाईल घेतला. अण्णांनी दुकानात त्या पोराला विचारलं, “ह्यात मराठी अक्षरं हाईत का?” तो म्हणाला, “काका, इंग्रजीतनंच मराठी लिवायचं.” अण्णा म्हणाले, “म्हणजे सायबाची टोपी घालून घरात बसायचं.” तरी घेतला. घरी आल्यावर अण्णा पलंगावर आणि मी स्वयंपाकघरात, असे आम्ही एकमेकांना निरोप पाठवत बसलो. बायडाबाईंचा मुलगा आमच्याकडे अण्णांना लागेल म्हणून आपला जुना मोबाईल ठेवून गेलाय. अण्णांचा पहिला निरोप होता, ‘चहा’. मी दुसऱ्या खोलीतून उत्तर दिलं, ‘साखर बंद’.

मेमध्ये जाताना गरम कपडे ने. तुला तिथं बोलताना सर्दी नको.

दीप्ती

*

बंगळूर,
६ जून २००५

प्रिय ताई,

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घरात इतकी माणसं होती की तुझ्याशी निवांत बसताच आलं नाही. तूही सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. आता इथं खोलीत येऊन बसलो आणि अण्णांना रविवारचा फोन करायचा म्हणून दोन रविवार उठून बसलो.

तू विचारलं नाहीस, पण प्रस्तावाचं काय झालं ते तुला सांगायला हवं. बुधवारी, ११ तारखेला, सकाळी तो पुकारला जाणार होता. तेवढ्यात तुझा निरोप आला. ‘अण्णा पडले. गाडी पाठव.’ मी तसाच उठून बाहेर पळालो आणि कोल्हापूरला फोन लावत सुटलो. मांडणारा दालनात नसला की प्रस्ताव पुढं ढकलतात. तसा तो गेला. पुढं म्हणजे पुढच्या आवृत्तीत, तेही कुणी पुन्हा मांडला तर.

त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अण्णांपुढं ते काय आहे?

तुझा,
प्रसेनजीत

*

कोल्हापूर
१९ जून २००५

चि. प्रसेन,

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणतोस, पण कसं घेऊ नको? दीड वर्ष तू ज्याच्यासाठी फिरलास ते माझ्या एका निरोपानं पडलं. अण्णाही राहिले नाहीत आणि तेही गेलं.

त्या दिवशी काय झालं ते तुला सगळं सांगितलेलं नाही. अण्णा जानेवारीत चार दिवस दवाखान्यात होते. छातीत दुखत होतं. “प्रसेनला लिवलंस तर तुझ्याशी बोलनार न्हाई” म्हणाले, म्हणून मी तुला बरे आहेत असं लिहिलं. ते माझं खोटं.

बुधवारी दुपारी तीन चाळीसला ते मोरीच्या दारात पडले. बायडाबाई गारगोटीला लेकीकडे गेलेल्या. मी तुला निरोप लिहिला. मग खाली पळायचं सोडून पलंगाच्या कडेला बसले आणि फोनच्या काचेकडे बघत राहिले. वाटलं, तू वाचलं असशील, आता कुणाला तरी सांगत असशील. नऊ मिनिटं बसले, प्रसेन. घड्याळ समोर होतं. मग भान आलं आणि रस्त्यावर जाऊन एका रिक्षापुढं आडवी उभी राहिले. रिक्षावाल्यानं शिव्या दिल्या असाव्यात, पण माझं तोंड बघून तो वर आला आणि त्यानं अण्णांना खांद्यावर घेतलं.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. ‘सांगता आलं नसतं’ एवढंच म्हणाले. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं.

एका कागदावर भरवसा ठेवून आई गेली. तरी मी परत तेच केलं. पण तू निरोप बघितल्या क्षणी उठलास, हे वाचून बरं वाटलं. कुणीतरी वाचलं होतं.

दीप्ती

*

कोल्हापूर
१२ सप्टेंबर २००५

चि. प्रसेन,

तीन महिने झाले, तुझं उत्तर नाही.

प्रेसमध्ये इंटरनेट आलंय. तू म्हणाला होतास, कागद उघडे असतात. शनिवारी काम नव्हतं म्हणून शोधले. लिस्बनच्या बैठकीचा अहवाल सत्तर पानांचा आहे. माझं इंग्रजी छापण्यापुरतं आहे, पण शब्दकोश घेऊन वाचला. मुद्रितं वाचण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे तारखा आधी दिसतात.

आपला प्रस्ताव पान एकोणतीसवर आहे. मंगळवार, १० मे. पुढं लिहिलंय की प्रस्तावकानं तो स्वतः मागे घेतला.

अण्णा बुधवारी पडले.

अहवालात चूक असेल तर कळव. दुरुस्ती कुणाकडे पाठवायची असते ते तुला माहीत असेल.

दीप्ती

*

बंगळूर,
१८ डिसेंबर २००५

प्रिय ताई,

अहवालात चूक नाही.

सोमवारी रात्रीच्या जेवणाला आमच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. गाण्याचा प्रस्ताव दोन मोठ्या सेवा कंपन्या अडवत होत्या. त्यांचं म्हणणं, तुमची ती वाचल्याची पोच मागे घ्या, आम्ही गाण्याच्या वेळी गप्प बसतो. साहेब म्हणाले, “तुझी सोय चांगली आहे, कोण नाही म्हणतंय? पण तिच्यातून आपल्याला काय? पुढच्या आवृत्तीत बघू.” मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. थकलो होतो, लगेच झोपलो. सकाळी दहा वाजता उठून उभा राहिलो आणि म्हणालो, आम्ही मागे घेतो. बर्गबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माईक घेतला नाही. ज्याचा प्रस्ताव आहे त्यानंच तो उचलला तर दुसऱ्याला बोलायला जागा नसते.

बुधवारी तुझा निरोप आला तेव्हा माझा फोन बंद होता. दालनात अध्यक्ष फोन बंद ठेवायला लावतात. मी मंचावर होतो, गाण्याचा प्रस्ताव समजावत होतो. नमुना म्हणून एक सनईची धून वाजवून दाखवली. लोक हसले. हरकत कुणाची नव्हती. हातोडी पडली, मी खाली आलो, जेवणाच्या सुट्टीत फोन चालू केला. पन्नास मिनिटं होऊन गेली होती. मी कुठंही पळालो नव्हतो, ताई. तू रस्त्यावर होतीस आणि मी सनई वाजवत होतो.

ते खोटं मी तुझ्यासाठी लिहिलं नाही. निदान या एका कागदावर तरी मी उठून पळालो होतो असं राहावं, म्हणून लिहिलं. त्यातून तू स्वतःला दोष द्यायला लागलीस आणि मग मला उत्तर लिहिता येईना.

आता पुढचं. नव्या आवृत्तीची यादी जानेवारीत व्हिएन्नाला ठरते. बर्गबाईंनी आपला प्रस्ताव पुन्हा उचललाय, वाचल्याच्या पोचेसकट. त्यांना चार नावं मिळालीत, आमचं त्यात नाही. मागच्या आठवड्यात साहेबांनी मला सांगितलं, आपण त्या सेवा कंपन्यांना शब्द दिलाय, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं की हरकत घ्यायची. त्या कंपन्यांना स्वतः हात वर करायचा नाही. बहिऱ्या माणसांच्या सोयीला विरोध केला असं अहवालात नाव छापून यावं, हे त्यांना नकोय. मूळ मांडणारी कंपनीच नको म्हणाली तर दिसायला बरं दिसतं. म्हणजे दोनशे जणांत हात वर करायचा तो मी एकट्यानं.

मी काय करणार ते मला ठाऊक आहे. त्यानंतर मला बैठकीला पाठवणार नाहीत, कदाचित नोकरीतही ठेवणार नाहीत. त्याचं काही वाटत नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. घराचं भाडं आहे, वय अडतीस आहे.

बर्गबाईंनी तुझं पान मागितलंय. मागच्या वेळी तू दिलेलं पान मी तुला न विचारता प्रस्तावाबरोबर मागे घेतलं. या वेळी तू हो म्हटलंस तरच देईन.

प्रसेन

*

कोल्हापूर
२ जानेवारी २००६

चि. प्रसेन,
जयभीम.

पान सोबत आहे. नवीन लिहिलंय. आईची दुपार आहे, शेजारणीसकट. बायडाबाईंना खुणांनी विचारून घातलं. आधी म्हणाल्या, “नगं बाई, परदेशात माझी आब्रू.” मी बोटानं खूण केली की नाव नाही. मग दारापर्यंत जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, “लिव. खरं हाय ते लिव. सुनंला कळलं तर कळू दे.” त्या दिवशी ताक द्यायला मात्र विसरल्या.

खाली अण्णांची नऊ मिनिटं घातलीत. तुझं त्यात काही घातलेलं नाही. ते तुला घालायचं असेल तर तू घाल.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. राग गेलेला नाही. तू प्रस्ताव मागे घेतलास याचा नाही. नोकरी म्हणजे काय ते मलाही कळतं. मालक सांगतात तशी पत्रिका मी छापतेच की, मजकूर पटो न पटो. पण जून ते डिसेंबर तू मला अण्णांच्या मरणाबरोबर तेही ओझं वाहू दिलंस. सहा महिने मी रोज प्रेसला जाताना त्या निरोपाचे चार शब्द मोजायची. हे मी विसरेन असं तुला सांगत नाही.

ही सोय पुस्तकात आली तरी कोल्हापुरात कधी येईल, हे मी तुला विचारणार नाही. तूच एकदा म्हणाला होतास, आवृत्तीपासून गल्लीपर्यंत दहा वर्षं. तोवर मी आई गेली त्या वयाची होईन. आणि आता घरात माझ्याशिवाय पडायला कुणी उरलेलं नाही. तरी ते व्हायला हवं.

तर व्हिएन्नाला तू एवढंच कर. अध्यक्षांनी विचारलं की खाली बघ आणि गप्प बस. ते तुला येतं.

बैठक १७ तारखेला, मंगळवारी, तिथल्या सकाळी नऊला आहे ना? म्हणजे इथं दीड. दीडला प्रेसमध्ये जेवणाची सुट्टी असते. मी फोन समोर ठेवून बसणार नाही असं ठरवलंय, पण बसेन. हातोडी पडली की बाहेर ये, फोन चालू कर आणि झालं की नाही ते एका शब्दात कळव. मी वाचलं की तुला लगेच उलट कळवीन, म्हणजे तू वाट बघत राहणार नाहीस.

दीप्ती